जन्म जळगावचा, पासपोर्ट कुठला?

व्हिसा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतं ते बीकेसीतलं अमेरिकन कॉन्सुलेट, सकाळची रांग, पारदर्शक फोल्डर आणि मनातल्या मनात 'रिजेक्ट नको, रिजेक्ट नको'चा जप. पण मंडळी, व्हिसाचं टेन्शन घेऊन जगणारी माणसं फक्त बाहेर जाणाऱ्यांत नसतात. जळगावच्या फुले मार्केटमध्ये तुम्हाला ड्रेस मटेरियल दाखवणारा, भाव कमी करता करता चहा मागवणारा आणि आपल्यापेक्षा चांगली खान्देशी बोलणारा दुकानदार कदाचित गेली पंधरा वर्षं व्हिसावरच राहत असेल. तोही आपल्याच देशात. निदान तो तरी त्याला आपलाच मानतो.

२०२५च्या एप्रिलमध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर केंद्र सरकारने पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा २७ एप्रिलपासून रद्द केले, तेव्हा ही गोष्ट एकदम पेपरच्या पहिल्या पानावर आली. महाराष्ट्रातल्या पाकिस्तानी नागरिकांची जिल्हावार आकडेवारी छापून आली. त्यात नागपूर आणि ठाण्याच्या पाठोपाठ नाव होतं जळगावचं, आकडा ३९३. पुण्या-मुंबईतल्या अनेकांना धक्काच बसला. जळगावकरांना बसला नाही. सिंधी कॉलनीत अशी घरं आहेत, हे तिथे सगळ्यांना माहीत असतं. हिंदू पाकिस्तानी नागरिकांना आधीच दिलेले लाँग टर्म व्हिसा चालू राहतील, असा खुलासा सरकारने २४ एप्रिललाच केला होता. तरी त्या आठवड्यात एसपी ऑफिसच्या परदेशी नागरिक शाखेत चौकशीला जावंसं कोणाला वाटलं असेल, तर त्याला दोष देता येत नाही. 'सगळे व्हिसा रद्द' ही हेडलाइन मोठ्या टाइपात येते, 'अपवाद' बारीक टाइपात.

म्हणून या वेळच्या कॉलममध्ये न्यू जर्सी थोडं बाजूला. या घरांतल्या तरुण मुलामुलींचे, त्यांच्याशी लग्न जमलेल्यांचे आणि त्यांना नोकरी देणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न घेऊया.

आमच्या शेजारचे १९४७चे आणि आम्ही २००८चे. फरक काय?

फरक जमीन-अस्मानाचा. फाळणीच्या वेळी सिंधमधून जी कुटुंबं आली, जळगावची सिंधी कॉलनी किंवा धुळ्यातलं साक्री रोडचं कुमारनगर ज्यांनी उभं केलं, त्यांचा प्रश्न राज्यघटनेच्या सहाव्या कलमाने सोडवला. १९ जुलै १९४८च्या आधी आलेले आणि इथेच राहिलेले आपोआप नागरिक झाले, त्यानंतर आलेल्यांनी नोंदणी करून घेतली. पण सगळे तेव्हा आले नाहीत. कोणाची जमीन होती, कोणाचं दुकान होतं, कोणाला वाटलं की होईल सगळं शांत. त्यांची मुलं-नातवंडं नंतर येत राहिली. कोणी वाघा-अटारीने, कोणी २००६ ते २०१९ या काळात धावणाऱ्या थर एक्स्प्रेसने. येताना हातात पाकिस्तानी पासपोर्ट आणि त्यावर भारताचा व्हिजिट किंवा यात्रेचा व्हिसा. मग इथे लाँग टर्म व्हिसा, म्हणजे रोजच्या भाषेत 'एलटीव्ही'.

एलटीव्हीवर नोकरी करता येते का?

खासगी कंपनीत येते. स्वतःचा धंदाही करता येतो. सरकारी, निमसरकारी, नगरपालिका आणि सहकारी संस्थांमध्ये मात्र नाही. आणि आपल्याकडे तर पतपेढीपासून दूध संघापर्यंत निम्म्या नोकऱ्या सहकारातल्याच! शाळा-कॉलेज, इंजिनीअरिंगला अ‍ॅडमिशन घेता येते. पॅन कार्ड, आधार, ड्रायव्हिंग लायसन्स, बँक खातं या गोष्टी २०१६ नंतर सोप्या झाल्या. राहायला एक घर आणि धंद्याला एक जागा विकत घेता येते. एकेकच बरं का, इन्व्हेस्टमेंट म्हणून दुसरा फ्लॅट नाही.

खरी गंमत आहे ती फिरण्याची. एलटीव्हीवरच्या माणसाला राज्याच्या आत मोकळेपणाने फिरता येतं, राज्याबाहेर जायचं तर परवानगी. आता जळगावचा माणूस पुण्याला चारशे किलोमीटर बिनधास्त जाऊ शकतो, पण रावेरच्या पुढे बऱ्हाणपूर आलं की मध्य प्रदेश! सुरत म्हणजे अख्ख्या खान्देशचं दुसरं घर, कापडाचा माल तिथूनच येतो, पण ते गुजरात. नवापूरच्या रेल्वे स्टेशनवर तर अर्धा प्लॅटफॉर्म महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातमध्ये. तिथल्या बाकावर फोटो काढणं आपल्यासाठी मजा. एलटीव्हीवरच्या सेल्समनला मात्र बाकाच्या कोणत्या टोकाला बसायचं याचा विचार करावा लागेल. म्हणून एचआरवाल्यांनो, अशा उमेदवाराला 'वेस्टर्न रीजन' देण्याआधी त्याला विचारा, आणि परवानगीच्या अर्जासाठी कंपनीचं पत्र वेळेवर द्या. त्याला नोकरी न देण्याचं हे कारण नाही.

मी जळगावातच जन्मलो. मग मी भारतीयच ना?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि उत्तर सगळ्यात जास्त दुखावणारं. जन्म कुठे झाला, एवढं पुरत नाही. कधी झाला आणि आई-वडील कोण, हे बघतात. २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्म झाला असेल, तर आई-वडील कोणीही असोत, तुम्ही भारतीय. १ जुलै १९८७पासून आई किंवा वडील, एक तरी भारतीय हवेत. ३ डिसेंबर २००४पासून अट आणखी कडक झाली. दोघंही भारतीय हवेत, किंवा एक भारतीय आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसलेला.

म्हणजे आई-वडील दोघंही एलटीव्हीवर असताना २००६ साली जळगावच्या सिव्हिलमध्ये जन्मलेला मुलगा महापालिकेचा जन्मदाखला, जळगावच्या शाळेचा दाखला, दहावीचं मराठी माध्यमाचं मार्कशीट हे सगळं असूनही भारतीय नागरिक नाही. आज तो वीस वर्षांचा आहे. कॅम्पस इंटरव्ह्यूमध्ये 'पासपोर्ट आहे का?' असं विचारलं की तो काय सांगणार?

आणि आईने लग्नाआधीपासून भारतीय, वडील एलटीव्हीवर, असं असेल तर? मग मूल भारतीय. पण त्याच्या जन्माच्या दिवशी वडिलांचा व्हिसा चालू होता का, हे तपासलं जातं. व्हिसा संपून नूतनीकरण राहून गेलं असेल, तर प्रकरण किचकट होतं. एलटीव्हीच्या तारखा मोबाइलमध्ये रिमाइंडर लावून ठेवा असं मी सांगते, त्याचं कारण हे.

आई-वडिलांना नागरिकत्व मिळालं की अल्पवयीन मुलांची नोंदणी कायद्याच्या पाचव्या कलमाखाली तुलनेने सहज होते. अठरा पूर्ण झाली की मुलाला स्वतःचा अर्ज, स्वतःची कागदपत्रं, स्वतःचं वेटिंग. त्यामुळे 'आधी आमचं होऊ दे, मग पोरांचं बघू' हे धोरण सतरा वर्षांचं पोर घरात असताना धोक्याचं आहे.

वडिलांना सात वर्षं आणि मला बारा, असं का?

कारण वडील 'भारतीय मूळ' असलेले ठरू शकतात आणि तुम्ही कदाचित ठरत नाही. कायद्याची व्याख्या अशी: जो स्वतः किंवा ज्याचे आई-वडील यांपैकी एक अखंड भारतात जन्मले, तो भारतीय मूळचा. आजोबा १९३८ साली सक्करला जन्मले. तेव्हा सक्कर अखंड भारतातच होतं. त्यामुळे आजोबा आणि त्यांचा मुलगा, म्हणजे तुमचे वडील, दोघंही या व्याख्येत बसतात आणि सात वर्षांच्या वास्तव्यानंतर अर्ज करू शकतात. तुमचे आई-वडील दोघंही १९४७ नंतर जन्मले असतील, तर तुम्ही या व्याख्येबाहेर. तुमच्यासाठी नॅचरलायझेशनचा रस्ता. अर्जाच्या आधी सलग बारा महिने आणि त्यापूर्वीच्या चौदा वर्षांत एकूण अकरा वर्षं भारतात. एकाच घरात, एकाच ताटात जेवणाऱ्या बाप-लेकाला दोन वेगळे कायदे. मला विचाराल तर ही व्याख्या आता म्हातारी झालीय.

या सलग बारा महिन्यांत देशाबाहेर पाऊल टाकू नका. विशेष परिस्थितीत सरकार तीस दिवसांपर्यंत सूट देऊ शकतं, पण ती सरकारची मर्जी, तुमचा हक्क नव्हे.

२०१६च्या डिसेंबरमध्ये केंद्राने काही जिल्हाधिकाऱ्यांनाच नागरिकत्व देण्याचे अधिकार दिले. महाराष्ट्रातले जिल्हे होते नागपूर, मुंबई, पुणे आणि ठाणे. जळगाव नव्हतं! म्हणजे नागपूरच्या चुलत भावाचं काम कलेक्टर ऑफिसात, आणि जळगावकराची फाइल मुंबई मार्गे दिल्लीला.

मग सीएएचा काय फायदा?

आहे, आणि मोठा आहे. पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून ३१ डिसेंबर २०१४पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिश्चनांसाठी २०१९ची दुरुस्ती आहे. तिचे नियम ११ मार्च २०२४ला आले. नॅचरलायझेशनची अकरा वर्षं इथे पाच होतात. अर्ज ऑनलाइन. जिल्हा पातळीवरच्या समितीचा प्रमुख कोण असेल सांगा? कलेक्टर नाही, एसपी नाही, तर पोस्टाचे अधीक्षक! कागद तिथे तपासले जातात, निष्ठेची शपथ तिथेच, आणि शेवटचा निर्णय राज्याच्या जनगणना संचालकांच्या अध्यक्षतेखालच्या समितीचा. कागद दोन गोष्टींचे लागतात. तुम्ही त्या देशाचे होता याचा (जुना पासपोर्ट, जन्म किंवा शाळेचा दाखला, जमिनीचे कागद, आजोबांचंही चालतं) आणि तुम्ही २०१४ संपायच्या आत आलात याचा.

आता एक घोळ. १ सप्टेंबर २०२५पासून नवा इमिग्रेशन अँड फॉरेनर्स कायदा लागू झाला. त्यासोबतच्या आदेशात या सहा समाजांच्या लोकांसाठी ३१ डिसेंबर २०२४ अशी तारीख आहे. लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलं की सीएएची मुदत दहा वर्षं वाढली. वाढलेली नाही! त्या आदेशाने धार्मिक छळामुळे आश्रयाला आलेल्यांना वैध पासपोर्ट-व्हिसा नसल्याबद्दलच्या कारवाईतून सूट मिळते. नागरिकत्वासाठीची तारीख ३१ डिसेंबर २०१४च आहे. २०१७ साली आलेल्या कुटुंबाला कोणी एजंट 'सीएएतून करून देतो' म्हणत पैसे मागत असेल, तर त्याला दारातूनच परत पाठवा.

आणि हे सगळं मुस्लिम घरांना लागू नाही. भुसावळ, जळगाव, धुळ्यातल्या कोणाची मामेबहीण कराचीहून लग्न करून इथे आली असेल, तर भारतीयाची पत्नी म्हणून एलटीव्ही आणि मग सात वर्षांच्या वास्तव्यावर नोंदणी, हाच तिचा रस्ता. तिची इथली मुलं भारतीय आणि ती एकटी रांगेत. सीएएबद्दल तुमचं मत काहीही असो, एका घरात हे कसं दिसतं हे माहीत असायला हवं.

मुलगी एलटीव्हीवर आहे, मी भारतीय. लग्न झालं की लगेच पासपोर्ट?

लगेच नाही, पण वाटतं तितकं लांबही नाही. सात वर्षं मोजायची ती तिच्या भारतातल्या वास्तव्याची, लग्नाची नाही. ती आठ वर्षांची असताना आली आणि आज चोवीसची असेल, तर वास्तव्य झालेलंच आहे. लग्नाची रीतसर नोंदणी करा आणि अर्जाला लागा. हनीमूनला बाली मात्र नको. महाबळेश्वर चालेल, महाराष्ट्रात आहे!

आधार आहे, व्होटर कार्डही निघालं. मग पासपोर्ट काढूनच टाकू?

अजिबात नाही. आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही, असं आधारचा कायदाच सांगतो. नागरिक नसताना भारतीय पासपोर्ट मिळवला, तर पासपोर्ट कायद्यात एक ते पाच वर्षं कैद आणि दहा ते पन्नास हजार रुपये दंड आहे. आणि त्यानंतर नागरिकत्वाच्या अर्जाचं काय होईल, ते मी सांगायला नको. व्होटर कार्ड चुकून निघालं असेल, तर वकिलाला भेटून ते रद्द करून घ्या. 'कोणाला कळतंय' म्हणून मतदानाला जाऊ नका.

वडिलांना २००५ मध्ये नागरिकत्व मिळालं, मी आता अमेरिकेत एच-वन-बीवर. इथे मुलगी झालीय, ओसीआय कार्ड मिळेल ना?

शेवटी न्यू जर्सी आलंच! या प्रश्नाचं उत्तर देताना वाईट वाटतं. ओसीआयच्या कलमात स्पष्ट लिहिलंय, की जो स्वतः किंवा ज्याचे आई-वडील, आजी-आजोबा किंवा पणजी-पणजोबा कधीही पाकिस्तान किंवा बांगलादेशचे नागरिक होते, तो अपात्र. 'होते' हा शब्द महत्त्वाचा. तुमच्या वडिलांनी जुनं नागरिकत्व सोडलं, इथलं घेतलं, वीस वर्षं मतदान केलं, इन्कम टॅक्स भरला, तरी अमेरिकेत जन्मून अमेरिकन झालेल्या तुमच्या मुलीला ओसीआय नाही. तुमचा शेजारी, ज्याचे आजोबा १९४७लाच आले आणि पाकिस्तानचे नागरिक कधी झालेच नाहीत, त्याच्या मुलीला मिळेल. तुम्ही स्वतः भारतीय नागरिक आहात, त्यामुळे मुलीचा जन्म एका वर्षाच्या आत भारतीय कॉन्सुलेटमध्ये नोंदवून, ती दुसऱ्या देशाचा पासपोर्ट धारण करत नाही असं लिहून देऊन, तिला वंशाने भारतीय नागरिक करण्याचा पर्याय आहे. पण तो घ्यायचा तर तिचा अमेरिकन पासपोर्ट काढण्याआधी. एकदा काढला, की आजी-आजोबांना भेटायला जळगावला येताना तिला दर वेळी व्हिसा लागणार.