ऐकणाराचेही मत घ्यावे

आवणी उरकली की तळेघरच्या बाजूला माणसाला थोडे बसायला मिळते. भीमाशंकरच्या डोंगरावरून पाऊस सारखा उतरत असतो, खाचरे भरलेली असतात, वाटा निसरड्या झालेल्या असतात. अशा दिवसांत जुन्या घरांतून पोथी बाहेर निघे. श्रावणात शिवलीलामृत, नाहीतर हरिविजय, पांडवप्रताप. वाचणारा एक आणि ऐकणारी पंधरा-वीस. श्रीधरस्वामींनी शिवलीलामृत १७१८ साली बारामतीत पुरे केले. तीनशे वर्षांत हा ग्रंथ जितक्यांनी डोळ्यांनी वाचला, त्याहून कितीतरी अधिक लोकांनी तो कानांनी वाचला असणार.

हे सांगण्याचे कारण असे, की “सध्या काय वाचता?” हा प्रश्न आपण फक्त शिकल्या-सवरल्या माणसाला विचारतो. चुलीपुढे बसलेल्या आजीला तो कुणी विचारत नाही. पण पोथीच्या बैठकीत राजा कुठे चुकला, राणीने किती सोसले, याविषयी सर्वांत पक्के मत तिचेच असे. अक्षरओळख नसली म्हणजे पारख नसते असे नाही. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांच्या तोंडची गाणी घरच्यांनी टिपून ठेवली आणि त्या गेल्यावर १९५२ साली ती पुस्तकरूपाने आली, तेव्हा मोठमोठे जाणकार थक्क झाले. ज्या घरात अशी माणसे आहेत, त्या घरात पुस्तकाविषयीचे मत एकट्या वाचणाराचे कसे असेल? ते ऐकणाराचेही आहे.

आपल्या मुलखात ही गोष्ट नवी नाही. जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ साली लिहून पुरा केला. त्यातले भाग त्यांनी गावोगाव लोकांना वाचून दाखवले. त्या गावांची नावे त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहेत, आणि त्यांत पुणे-मुंबईच्या जोडीला आपले जुन्नर आणि ओतूरही आहे. काही भाग ‘दीनबंधु’ पत्रात छापून आला, पण पुढे छापणे थांबले. म्हणजे हे पुस्तक धडपणे छापून होण्याआधी जुन्नर-ओतूरच्या शेतकऱ्यांनी त्यातले ऐकले होते. शेतकऱ्याविषयीचे पुस्तक आधी शेतकऱ्याच्या कानावर घालून पाहावे, असे त्या थोर माणसाला वाटले. आपणही तोच पायंडा धरू.

या पावसाळ्यात आमच्या पडवीत चार पुस्तके फिरत आहेत. प्रत्येकाविषयी दोन शब्द सांगतो. नुसते “छान आहे, वाचा” असे म्हणणार नाही, कारण त्याने कुणाचेच काम होत नाही. कुणाला द्यावे, कुठून सुरू करावे आणि ऐकणारे काय म्हणाले, एवढे सांगतो.

पहिला ‘असूड’च. पाच प्रकरणांचे पुस्तक आहे. भाषा दीडशे वर्षांमागची, वाक्ये लांबलचक, आणि शब्द कुणाचीही भीडभाड न ठेवणारे. भटजी, सावकार, कचेरीतला कारकून, गोरा साहेब, कुणीच सुटत नाही. सुरुवातीपासून सलग वाचाल तर ऐकणारे दहा मिनिटांत पेंगतील. म्हणून आधी शेतीच्या सुधारणेचा भाग घ्या. डोंगरउताराची माती वाहून जाऊ नये म्हणून बंधारे घालावेत, तळ्यांतला गाळ काढावा, पाणी रानातच मुरू द्यावे, असे त्यात सांगितले आहे. नंतर जंगलखात्याविषयीचा मजकूर वाचा. गायराने आणि डोंगर खात्याकडे गेल्यावर गरिबाच्या शेळीला चरायला जागा राहिली नाही, ही तक्रार त्यात आहे. तो १८७८च्या जंगल कायद्यानंतरचा काळ. आमच्याकडे १९८५ साली भीमाशंकरचे अभयारण्य झाले, तेव्हा ही गोष्ट कुणाला समजावून सांगावी लागली नाही. हिरड्याच्या झाडाखाली जन्म गेलेले एक बाबा ऐकत होते. ते म्हणाले, “हे इतकं जुनं हाय व्हय? मला वाटलं औंदाच कुणी लिवलंय.” या एका वाक्यापुढे मोठे परीक्षण फिके पडावे. ज्याला आपले गाऱ्हाणे आपले एकट्याचेच आहे असे वाटते, त्याला हे पुस्तक द्यावे. राज्य सरकारच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९६९ साली फुल्यांचे समग्र वाङ्मय प्रसिद्ध केले, त्यात ते मिळते. तालुक्याच्या वाचनालयात विचारून पाहा.

दुसरे पुस्तक डॉ. गोविंद गारे यांचे, ‘सह्याद्रीतील आदिवासी महादेव कोळी’. गारे हे जुन्नर तालुक्यातल्या निमगिरीचे, १९३९चा जन्म. डोंगरातल्या गावातून शिकून ते पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचे संचालक झाले. २००६ साली ते वारले. आपल्या लोकांविषयी साहेबांनी लिहिले, शहरातल्या विद्वानांनी लिहिले, पण हे घरच्या माणसाने लिहिलेले आहे. पुस्तक अभ्यासाचे आहे, गोष्टीसारखे पळत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. तेव्हा एका बैठकीला एकच विषय घ्यावा. आज लग्नाच्या चाली, उद्या देवदेवता, परवा कुळे. वाचायचे आणि थांबायचे. मग म्हाताऱ्या माणसांना विचारायचे, “आपल्या वाडीत असंच होतं का?” आमच्याकडे एका रीतीवरून दोन आज्यांची अशी जुंपली, की वाचन तिथेच राहिले. एक म्हणे असेच होते, दुसरी म्हणे, “आमच्या म्हायेरी येगळं व्हतं.” आश्रमशाळेतून सुट्टीला आलेल्या नातीने दोघींचे म्हणणे वहीत उतरवून घेतले. त्या वहीची किंमत मला पुस्तकाएवढीच वाटते. पुस्तकात एक रीत येते, पण दर वाडीची रीत थोडी थोडी निराळी असते, आणि ती सांगणारी माणसे दर वर्षी कमी होत आहेत. हे पुस्तक शिकणाऱ्या पोरांना द्या, पण वाचायला लावा आजी-आजोबांसमोर.

तिसरे ‘झोंबी’. आनंद यादवांचे हे आत्मचरित्र १९८७ साली आले आणि १९९० साली त्याला साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. कोल्हापूरकडच्या कागलचा गरिबाचा मुलगा, शाळेसाठी जीव टाकणारा. बाप त्याला शाळेतून काढून रानात कामाला जुंपतो. आई पोराला घेऊन गावातल्या वजनदार माणसाकडे जाते, तो बापाला खडसावतो, आणि मग बाप अटी घालून पोराला शाळेत धाडतो. शाळेआधी रानाला पाणी पाजायचे, शाळा सुटल्यावर गुरे राखायची. पुस्तक जाड आहे. मारहाण, भूक, आईचे हाल, सारे उघडे लिहिलेले आहे. लहान मुलांना हे सगळे ऐकवू नये. थोरांनी मात्र ऐकावे.

आमच्या बैठकीला एक गृहस्थ येत. त्यांचा मुलगा आठवीतून घरी बसलेला, कामाला जाणारा. बाप शाळा तोडतो तो भाग आला आणि ते उठून बाहेर गेले. मला वाटले, आता हे यायचे नाहीत. तिसऱ्या दिवशी आले, कोपऱ्यात बसले आणि म्हणाले, “त्या पोराचं म्होरं काय झालं, ते वाचा.” बापाविषयी मात्र त्यांचे मत माझ्याहून वेगळे. ते म्हणाले, “बाप वाईट न्हाई. त्याच्या घरात खाणारी तोंडं मोजा की आधी.” मी इतकी वर्षे पोराच्या बाजूने वाचत आलो, बापाच्या बाजूने कोणी वाचेल हे कधी मनात आले नव्हते. त्यांचा मुलगा पुन्हा शाळेत जाईल की नाही, मला सांगता येत नाही. पुस्तकाने माणसे बदलतात असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण त्या घरात हा विषय बंद झाला होता, तो पुन्हा निघाला आहे.

चौथे डॉ. अनिल अवचटांचे ‘मुक्तांगणची गोष्ट’. अवचट ओतूरचे. वडील तिथे डॉक्टर होते, हेही पुढे डॉक्टर झाले. २०२२ साली ते गेले. पत्नी डॉ. अनिता यांच्यासह त्यांनी १९८६ साली पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्तीचे केंद्र सुरू केले, त्याची ही हकीकत. वाक्ये लहान, भाषा समोर बसून बोलल्यासारखी. सातवी-आठवीचे मूल अडखळल्याशिवाय वाचते. ज्या घरात दारू शिरली आहे त्या घराला हे पुस्तक द्यावे, पण देताना जरा जपून द्यावे. पिणाऱ्याच्या अंगावर पुस्तक फेकून “घे, वाच” म्हणाल तर ते चुलीत जाईल. आधी घरच्या बाईला वाचून दाखवा. एक वहिनी दोन दिवस गप्प ऐकत होत्या. नंतर एवढेच म्हणाल्या, “म्हणजे हा रोग हाय. माझा दोष न्हाई.” पुस्तक एवढे करू शकले तरी त्याचे पैसे वसूल झाले असे मी समजतो.

लहानग्यांना काय द्यावे, असे काही आया विचारतात. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१पासून निघते आहे. जुने अंक मिळाले तरी घ्या, गोष्ट कधी शिळी होत नाही. मात्र पोराच्या हाती अंक देऊन आपण कामाला लागू नका. भाकरी थापता थापता त्याच्याकडून एक गोष्ट मोठ्याने वाचून घ्या. त्याचे वाचन सुधारते, आपली करमणूक होते, आणि आपले बोलणे आई ऐकते आहे हे पोराला कळते.

बैठक घालायची तर फार काही लागत नाही. एक वाचणारा, एक दिवा आणि अर्धा तास. वाचणाराने दमले की थांबावे, ओढून-ताणून प्रकरण संपवू नये. मध्ये कुणी बोलले तर गप्प बसवू नये, त्यासाठीच तर बसलो आहोत. पुस्तक वाचनालयाचे असेल तर त्यात रेघा मारू नयेत, वही वेगळी ठेवावी. आणि पुस्तक पटले नाही तर तेही मोकळेपणाने सांगावे. शेजाऱ्याने दिलेले बी उगवले नाही तर आपण त्याला सांगतोच ना? मग पुस्तकाच्या बाबतीत भीड कशाला?

तर वाचकहो, आता तुमची पाळी. तुमच्या घरी सध्या कोणते पुस्तक वाचले जात आहे ते पत्राने कळवा. पुस्तकाचे आणि लेखकाचे नाव लिहा. मग वाचले कुणी, ऐकले कुणी, कोणत्या पानावर घर गप्प झाले आणि कोणत्या पानावर भांडण झाले, तेही लिहा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे मत घरातल्या पोराने लिहून धाडावे आणि खाली “आजीचे मत” असे आवर्जून घालावे. निवडक पत्रे याच सदरात देऊ, आणि आजींची आधी देऊ.