रोजचे एक पान

विद्यार्थिमित्रहो, क्षणभर डोळे मिटा आणि तुमच्या अंगणात रोज येणारा कावळा मनापुढे आणा. आता डोळे उघडून तो कागदावर काढा. तुमच्यापैकी बहुतेकांचा कावळा चोचीपासून शेपटीपर्यंत काळाकुट्ट असेल. तसाही कावळा असतो. त्याला डोमकावळा म्हणतात. परंतु घरोघरी येणारा जो गावकावळा, त्याची मान राखी रंगाची असते. जन्मापासून ज्याला आपण पाहत आलो, त्याची मान आपण कधी पाहिलीच नाही, याचे नवल वाटते ना? मला तर हे वयाच्या एकसष्टाव्या वर्षी कळले, आणि तेही एका साध्या वहीमुळे. त्या वहीविषयीच आज तुमच्याशी चार शब्द बोलावयाचे आहेत.

ही वही म्हणजे चित्रांची रोजनिशी. सामान्य रोजनिशीत आपण दिवसभरातील घडामोडी शब्दांत लिहितो. चित्रांच्या रोजनिशीत त्या दिवशी पाहिलेली एखादी वस्तू रेखांनी नोंदवावयाची. पानाच्या माथ्यावर दिनांक आणि स्थळ, मध्ये एक लहानसे रेखाटन आणि खाली दोन ओळी. मग ती वस्तू दाराबाहेर काढलेली चप्पल असो, आजीचा अडकित्ता असो की पाण्याने भरलेली घागर असो. इतकेच या वहीचे स्वरूप आहे. प्रत्येक विद्यार्थ्याने अशी एक वही ठेवावी, असे माझे प्रामाणिक मत आहे.

हे मत मांडले की पहिला आक्षेप ठरलेला असतो. मुले म्हणतात, “काढू हो, पण काढावयाचे काय? काही सुचले पाहिजे ना!” स्फूर्ती ही आकाशातून पडणारी वस्तू आहे आणि ती पडेपर्यंत हात बांधून बसावे, अशी आपली समजूत झालेली असते. ही समजूत मला चुकीची वाटते. विहिरीत पाणी असते, पण पोहरा आत सोडल्यावाचून ते वर येत नाही. तसेच स्फूर्तीचे आहे. ती कामाच्या आधी येत नाही. काम करू लागल्यावर येते. समोर पडलेले बेलाचे पान काढावयास घ्या. प्रारंभी ते एक साधे पान असते. मग त्याची तीन दले दिसतात. मधल्या दलाचा देठ बाजूच्या दोन दलांच्या देठांपेक्षा लांब आहे, हे ध्यानात येते. मग मनात येते, निंबाचे पान कसे असेल? चिंचेचे कसे असेल? चिंचेची पाने सायंकाळी मिटतात म्हणतात, ती मिटलेली कशी दिसत असतील? पाहता पाहता पुढच्या चार दिवसांची चित्रे सुचून जातात. एक पान दुसऱ्या पानाला हाक मारते, हेच स्फूर्तीचे खरे रहस्य आहे.

थोर कलावंतांची चरित्रे हेच सांगतात. जपानमध्ये होकुसाई (१७६०–१८४९) नावाचा मोठा चित्रकार होऊन गेला. सहाव्या वर्षापासून त्याला वस्तूंची रूपे रेखाटण्याचा छंद जडला होता. १८१४ सालापासून त्याच्या रेखाटनांचे भाग प्रसिद्ध होऊ लागले आणि ते एकूण १५ झाले. त्यांत पशुपक्षी आहेत, मासे व किडे आहेत, आपापल्या कामात गढलेली साधीसुधी माणसे आहेत. पुढे पंच्याहत्तरीच्या सुमारास त्याने लिहून ठेवले की, वयाच्या सत्तरीपूर्वी आपण जे काढले, त्यात दखल घेण्याजोगे असे काही नव्हते! केवढा हा विनय! आणि केवढा उत्साह! ज्याला पंच्याहत्तरीतही पुढे शिकावयाचे होते, त्याला ‘आज काय काढू?’ हा प्रश्न पडलाच नसावा.

दुसरे उदाहरण तुमच्याच वयाच्या आसपासचे आहे. इंग्लंडमध्ये १८६६ साली जन्मलेली बिअ‍ॅट्रिक्स पॉटर ही मुलगी कधी शाळेत गेली नाही. तिचे शिक्षण घरीच झाले. तिची १८७५ सालची चित्रवही आजही जपून ठेवलेली आहे. तेव्हा ती अवघी आठ-नऊ वर्षांची होती. त्या वहीत तिने निरनिराळ्या अळ्या काढल्या आहेत आणि त्या काय खातात, कोठे सापडतात, याच्या नोंदी केल्या आहेत. पुढे ती आणि तिचा धाकटा भाऊ ससे, बेडूक, सरडे असे प्राणी घरात पाळीत आणि त्यांची चित्रे काढीत. मोठी झाल्यावर तिने रानातील अळंब्यांची शेकडो चित्रे काढली. ही चित्रे तिच्या हयातीत फारशी कोणी पाहिली नाहीत. परंतु ती इतकी अचूक होती की, १९६७ साली निघालेल्या अळंब्यांवरील एका शास्त्रीय ग्रंथात ती आदराने छापण्यात आली.

हिच्याच हातून एक गोड गोष्ट जन्माला आली. १८९३ साली एक लहान मुलगा आजारी पडून होता. त्याचे मन रमावे म्हणून तिने त्याला पत्रातून चार सशांची सचित्र गोष्ट लिहून पाठविली. तीच गोष्ट १९०२ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली आणि जगभरच्या मुलांनी ती डोक्यावर घेतली. लक्षात घ्या, त्या पत्रातील ससा एका दिवसात आलेला नव्हता. कितीतरी वर्षे ती सशांचे कान, पाय आणि झोपण्याची तऱ्हा रेखाटीत होती. पत्र लिहावयास बसली तेव्हा ससा तिच्या बोटांत तयारच होता.

आता आपल्या पुण्याकडे वळू. अठराव्या शतकाच्या अखेरीस, सवाई माधवराव पेशव्यांच्या काळी, गंगाराम तांबट नावाचा एक चित्रकार पुण्यात होता. त्याने वेरूळच्या लेण्यांची चित्रे काढली. पेशव्यांच्या प्राणिसंग्रहात त्या वेळी एक गेंडा होता. तो गंगारामाने १७९० सालच्या नोव्हेंबरात रेखाटला. तो गेंडा केव्हाच गेला, तो प्राणिसंग्रह गेला, पेशवाईही गेली. गंगारामाची रेखाटने मात्र राहिली. आज ती अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या कलासंग्रहालयात आहेत. आपल्या डोळ्यांसमोरची वस्तू कोणीतरी मन लावून पाहिली व तिच्याखाली तारीख घातली, एवढ्याने ती काळाच्या तोंडून वाचली. तुमच्या गावची चिरेबंदी वेस, वापरात नसलेला जुना आड, आजीचे जाते ही सारी आज तुमच्या समोर आहेत. आणखी वीस वर्षांनी ती असतीलच असे कोण सांगेल?

आता ही वही ठेवावी कशी, तेही सांगतो. महागडा कागद मुळीच घेऊ नये. कोऱ्या करकरीत, सुंदर वहीची मनाला भीती वाटते. पान बिघडेल म्हणून हात अडतो. घरातील पाठकोरे कागद गोळा करावेत, सारखे कापावेत, दोऱ्याने शिवावेत आणि वर जुन्या पुठ्ठ्याचे आवरण घालावे. पेन्सिलीचा एक तुकडा पुरतो. रंग हवाच असेल तर हळद आहे, गेरू आहे, चुलीतला कोळसा आहे. दिवसाची एक वेळ ठरवावी. मी दिवेलागणीची वेळ ठरविली आहे. दहा मिनिटांहून अधिक काळ बसण्याचा अट्टाहास करू नये. तसेच दहा मिनिटांची चुकवाचुकवही करू नये. समर्थ रामदासांनी रोज काही ना काही लिहीत जावे असे सांगून ठेवले आहे. रेखाटनालाही तोच नियम लागू आहे. एखादा दिवस चुकला तर खंत करीत बसू नये आणि दुसऱ्या दिवशी दोन पाने काढून हिशेब पुरा करण्याच्याही भरीस पडू नये. त्या दिवसाचे एकच पान काढावे आणि पुढे चालावे.

आणखी दोन पथ्ये आहेत. खोडरबर जवळ ठेवू नये. चुकलेली रेघ तशीच राहू द्यावी आणि तिच्या शेजारी दुसरी काढावी. आपण कोठे चुकलो ते त्या दोन रेघांतून कळते. दुसरे पथ्य असे की, पान कधी फाडू नये. ओबडधोबड पानेच पुढे आपली प्रगती दाखवितात. माझ्या वहीतील पहिली साळुंकी बटाट्यासारखी दिसते. परंतु ती काढताना मला प्रथमच कळले की, चिमणी जमिनीवर टुणटुण उड्या मारीत जाते, तर साळुंकी एकामागून एक पावले टाकीत चालते. त्या बटाट्याचे माझ्यावर केवढे उपकार आहेत!

कोणी म्हणतील, “आता खिशातल्या फोनने क्षणात छायाचित्र निघते, मग ही खटपट कशाला?” छायाचित्राला मी नावे ठेवीत नाही. परंतु यंत्र आपल्यासाठी पाहते आणि आपण पाहावयाचे राहून जातो. जास्वंदीचे छायाचित्र काढणाऱ्याला तिच्या तुऱ्याच्या टोकावरचे पाच इवलेसे ठिपके मोजावे लागत नाहीत. चित्र काढणाऱ्याला ते मोजावेच लागतात. कोणी म्हणतील, “मला चित्रकला येत नाही.” त्यांना माझे उत्तर असे की, ही वही परीक्षेसाठी नाही. शासकीय रेखाकला परीक्षा अवश्य द्या. तेथे वस्तुचित्र आणि स्मरणचित्र यांना गुण मिळतात. या वहीला गुण नाहीत, क्रमांक नाही, प्रदर्शन नाही. ती कोणास दाखवावी असे वाटले तर दाखवा, न वाटले तर दाखवू नका. बिअ‍ॅट्रिक्स पॉटर हिने तरुणपणी आपली रोजनिशी चक्क सांकेतिक लिपीत लिहिली होती. तिच्या मृत्यूनंतर पंधरा वर्षांनी, १९५८ साली, एका अभ्यासकाला ती लिपी उलगडली. काही पाने केवळ आपल्यासाठी असावीत, हे तिला ठाऊक होते.

राहिला शेवटचा आक्षेप: हा वेळेचा अपव्यय आहे. हा आक्षेप मला फार जवळचा आहे, कारण एके काळी तो मीच घेतला होता. मी मराठीचा शिक्षक होतो तेव्हाची गोष्ट. ‘आमच्या गावचा बाजार’ या विषयावर मी वर्गाला निबंध घातला होता. एका मुलाने चारच ओळी लिहिल्या. मी वही उलटली, तो मागच्या पानावर सारा बाजार भरलेला! मापाने ज्वारी मोजणारी म्हातारी, तिच्या पुढ्यात पदर धरून उभी असलेली मुलगी, बैलगाडीखाली झोपलेले कुत्रे. निबंध मी मागितला होता आणि त्याने तो लिहिलाही होता. फक्त त्याची भाषा मला वाचता आली नाही. त्या पानावर तांबड्या शाईने मी ‘वेळेचा अपव्यय’ असा शेरा मारला आणि तो सर्वांदेखत वाचूनही दाखविला. त्यानंतर त्या मुलाच्या वह्या स्वच्छ येऊ लागल्या. मला तेव्हा समाधान वाटले.

पुष्कळ वर्षांनी, माझ्या सेवानिवृत्तीच्या समारंभास तो आला होता. चांगला कर्तासवरता झाला होता. मी त्याला विचारले, “चित्रे काढतोस की नाही?” तो हसून म्हणाला, “नाही सर, ते शाळेतच सुटलं.” माझा शेरा त्याला आठवतही नव्हता. मला मात्र त्या रात्री झोप आली नाही. मी जर त्या पानाखाली एवढेच लिहिले असते की, ‘या म्हातारीविषयी आणखी चार ओळी लिही,’ तर चित्रही राहिले असते आणि निबंधही उत्तम उतरला असता. कारण ज्याने मापातली ज्वारी पाहिली आहे, त्याला शब्दांची वाण पडत नाही. निबंध काय आणि चित्र काय, दोहोंचे मूळ डोळसपणे पाहण्यातच आहे.

त्यानंतर काही दिवसांनी मी पाठकोऱ्या कागदांची एक वही शिवली. त्या मुलाचे पान मला परत आणता येणार नाही. परंतु तुमच्यापैकी एकाचे जरी पान फुलले, तरी माझ्या शेऱ्याचे थोडेसे परिमार्जन होईल असे मला वाटते.

म्हणून, मित्रहो, शुभमुहूर्ताची वाट पाहू नका. आज सायंकाळी पाठकोरा कागद घ्या, वर तारीख घाला आणि अंगणात जाऊन बसा. कावळा येईलच. त्याची मान नीट पाहा.