नादार

शाळेत मी नादार होतो. हल्लीच्या मुलांना हा शब्द ठाऊक नसेल. ज्याच्या वडिलांना फी परवडत नसे तो अर्ज करी, हेडमास्तर चौकशी करीत आणि नादारी मिळे. पूर्ण नाहीतर अर्धी. वर्गात नादारांची नावे वाचली की कान तापत, हे खरे. पण त्या नादारीवरच मी शिकलो, बी.ए. झालो आणि पुढे ३५ वर्षे मास्तरकी केली.

कोर्टातही नादार असतो. कर्ज फेडणे ज्याच्या हाताबाहेर गेले तो. गंमत अशी, की शाळेतल्या नादाराला शिक्षणाचे पैसे माफ होत आणि कोर्टातल्या नादाराला नवा कायदा बाकी बरेच माफ करील, पण शिक्षणाचे करणार नाही!

मागच्या महिन्यात माझा एक जुना विद्यार्थी आला होता. शिंपीकाम करतो. मुलाच्या इंजिनियरिंगसाठी बँकेचे कर्ज काढले, त्यावर मुलाबरोबर याचीही सही. मुलाला नोकरी लागली ती महिना बारा हजारांची. हप्ते थकले, व्याज चढले. "सर, नादारी घेतली तर सुटेन का हो?" मी मराठीचा मास्तर, वकील नव्हे. पण मुलाने विचारले म्हणून २०१६ चा दिवाळखोरी कायदा काढून बसलो.

त्यातल्या ७९व्या कलमात न सुटणाऱ्या देण्यांची यादी आहे. कोर्टाने केलेला दंड, निष्काळजीपणाची किंवा करारभंगाची भरपाई, पोटगी... आणि त्याच पंगतीत शैक्षणिक कर्ज! दंड गुन्ह्याचा असतो. पोटगी बुडवली तर बायकामुले उपाशी राहतात. ही देणी ठेवलीच पाहिजेत. पण शिकणे हा कोणता अपराध? लग्नात डीजे लावायला काढलेले विनातारण कर्ज पुसले जाऊ शकते, पोराला शिकवायला काढलेले नाही. ही कुठली नीती?

यावर ठरलेले उत्तर येते, की मुले पदवी घेतील आणि दुसऱ्या दिवशी हात वर करतील. मग पाच-सात वर्षांची मुदत घाला ना! जो लबाड असेल त्याच्यासाठी त्याच कायद्यात सोय आहे, फसवणुकीने केलेले कर्ज दिवाळखोरीतून मुक्त झाल्यावरही सुटत नाही. अमेरिकेत शैक्षणिक कर्जाचा नियम कडक म्हणून बदनाम आहे, पण तिथेही असह्य हालअपेष्टा सिद्ध केल्या तर कोर्ट ते माफ करू शकते. आपल्या यादीत तेवढी फटही नाही.

गरिबांसाठी म्हणून याच कायद्यात 'नवी सुरुवात' नावाची तरतूद आहे. वर्षाचे उत्पन्न साठ हजारांच्या आत, मालमत्ता वीस हजारांच्या आत, माफ होण्याजोगे कर्ज पस्तीस हजारांच्या आत, आणि स्वतःचे घर नको. पस्तीस हजारांत खाजगी कॉलेजचे एक वर्ष तरी निघते का? असो.

हा भाग साध्या माणसांना अजून लागूच केलेला नाही. १ डिसेंबर २०१९ पासून तो फक्त कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांना लागू झाला. म्हणजे लागू करण्याआधी ते चार शब्द खोडायला सरकारला वेळ आहे. खोडावेत. तोवर जिल्ह्याच्या गावांत इंग्रजांचा १९२० चा कायदा चालतो. त्यातही न सुटणारी देणी आहेत : सरकारचे देणे, लबाडीने केलेले कर्ज, पोटगी. शिक्षणाचे नाव त्यात नाही. शिक्षणाच्या बाबतीत परक्यांचा शंभर वर्षांचा कायदा आपल्या नव्या कायद्याहून उदार निघावा, याची मला मास्तर म्हणून लाज वाटते.

शिंप्याला मी वकिलाकडे पाठवले. जाताना त्याने दारातून मागे वळून विचारले, "सर, मशीन तर नेणार नाहीत ना?"

कारागिराची हत्यारे जप्त होत नाहीत. तेवढे मात्र मी त्याला खात्रीने सांगू शकलो.