धागा जाळून पॉलिएस्टर कळत नाही

पॉलिएस्टर ओळखण्याची पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावरची रीत जुनी आहे. पदराचा एक धागा ओढायचा आणि काडी लावायची. केस जळल्यासारखा वास येऊन राख बोटात चुरली तर रेशीम. वितळून कडक काळा मणी उरला तर पॉलिएस्टर. परीक्षा खरी आहे, चुकतो तो निष्कर्ष. ‘मणी झाला म्हणजे प्लॅस्टिक, आणि प्लॅस्टिक सगळे सारखेच, फरक काय तो विणीचा’ असे ग्राहक म्हणतो, पुष्कळ व्यापारीही म्हणतात. मण्यावरून फक्त कूळ कळते.

नेहमीचे पॉलिएस्टर टेरेफ्थॅलिक आम्ल आणि इथिलिन ग्लायकॉल यांचे. या आम्लाचे दोन हात बेंझिनच्या कड्यावर समोरासमोर असल्याने साखळी सरळ होते. सुमारे २८५ अंशांवर वितळलेला रस बारीक छिद्रांतून काढून धागा ओढला की साखळ्या शेजारी शेजारी घट्ट बसतात. हेच स्फटिकीभवन. इतक्या दाटीत रंगाला शिरकाव नाही. पुण्याच्या उंचीवर उघड्या भांड्यातले पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते. हा धागा रंगवायला बंद भांड्यात दाबाखाली १३० अंश लागतात.

गिरणीतला आक्षेप अधिक वजनदार आहे: धाग्याचे गुण यंत्रावर ठरतात, तो किती वेगाने गुंडाळला आणि किती ओढला यावर. हे अर्धे खरे. ओढीने साखळ्या रांगेत लागतात, बळ वाढते. पण साखळीत जे नाही ते ओढून येत नाही.

ते रसायनाने येते. आम्लाच्या दर शंभर रेणूंमागे दोन-तीन सल्फोआयसोफ्थॅलिक आम्लाच्या सोडिअम क्षाराचे घातले की दोन गोष्टी घडतात. या रेणूचे हात समोरासमोर नसल्याने साखळीला बाक येतो, स्फटिकांची दाटी सैल होते. आणि त्याच्यावरच्या ऋणभाराला धनभारित, भडक रंग घट्ट चिकटतात. पण तेच भार एकमेकांत गुंतून वितळलेला रस दाट करतात. तो छिद्रांतून निघावा म्हणून साखळ्या आखूड ठेवाव्या लागतात आणि धागा कमजोर होतो. गंमत म्हणजे ही कमजोरी अंगावरच्या कापडाला मानवते. मजबूत तंतू कापडावर आलेले गोळे धरून ठेवतात. कमजोर तंतू तुटतात, गोळे गळून पडतात.

पॉलिइथिलिन ग्लायकॉलचे लवचीक तुकडे साखळीत गुंफले तर साध्या उकळीतही रंग चढतो; मात्र उष्णता आणि ऊन सोसण्याची ताकद घटते. दोन कार्बनांच्या ग्लायकॉलऐवजी तीन कार्बनांचा वापरला की साखळी नागमोडी होते, ताणलेला धागा सहज परत येतो.

म्हणून ‘रसायन बदलले की सगळे साधते’ हा उत्साहही तितकाच फोल. रंग हवा तर बळ सोडावे लागते. धाग्याने पाणी शोषण्याचा प्रश्न तर या दोन-तीन टक्क्यांनी सुटतच नाही: नेहमीचे पॉलिएस्टर हवेतली ओल वजनाच्या जेमतेम ०.४ टक्के घेते, कापूस आठच्या आसपास.

‘सगळे सारखेच’ म्हणणाऱ्याने साधा आणि क्षार घातलेला असे दोन्ही धागे एका कापडात पट्ट्यापट्ट्यांनी विणून धनभारित रंगाच्या एकाच भांड्यात टाकावेत. क्षाराचा पट्टा गडद निघतो, साधा जवळजवळ पांढराच राहतो. जाळले तर दोघांचाही मणीच होतो.