पाचाच्या आत की बाहेर?

विरार फास्टच्या दारातली मंडळी चढणाऱ्याला एका नजरेत जोखतात. बॅग कशी धरलीय, आत सरकतोय की दारातच रेंगाळतोय, बोरिवलीला उतरायचा विचार आहे की काय... एका खुणेवर निकाल लागत नाही, पण तीन-चार जुळल्या की गेलात! तुमच्या ऑफिसच्या मेल सर्व्हरवरचा स्पॅम फिल्टरही नेमकं हेच करतो.

स्पॅमअ‍ॅसॅसिन हा यातला जुना खेळाडू. जस्टिन मेसनने २००१मध्ये आणलेला, चक्क फुकट. प्रत्येक मेलवर ढीगभर चाचण्या, प्रत्येकीला गुण (काहींना उणेसुद्धा). बेरीज पाचवर पोचली की मेल स्पॅम.

आता समजा, वालीवच्या गाळ्यात बसून तुम्ही चीनहून मशीनचे पार्ट मागवताय. ‘आपल्याला मेल इंग्रजीतच येतात’ असं धरून सिस्टीमवाल्याने भाषेच्या सेटिंगमध्ये फक्त इंग्रजी ठेवलं. चिनी कॅरॅक्टर सेटमधल्या मेलला एका फटक्यात तीनहून जास्त गुण! त्यात बारीकसारीक खोटी भर पडली की झाले पाच. कोटेशन स्पॅममध्ये, आणि सप्लायर म्हणतो, तुम्ही उत्तरच देत नाही.

एकाच चाचणीला एवढं वजन देणं किती महागात पडतं, ते १ जानेवारी २०१० रोजी जगभर दिसलं. याच फिल्टरमधल्या एका नियमाला २०१०पासूनचं साल म्हणजे ‘फार पुढची तारीख’ वाटायचं. नियम लिहिला तेव्हा बरोबरच होतं हो! नववर्षाच्या सकाळी मात्र साध्यासुध्या शुभेच्छांनाही तीनेक गुणांचा दंड. दुरुस्ती त्याच दिवशी आली, पण अपडेट न करणाऱ्यांच्या मेलचं काय झालं असेल, देव जाणे.

क्रमाचं काय? चाचण्या कुठल्याही क्रमाने लावा, बेरीज तीच येते; फरक पडतो तो वेळेचा. बाहेरच्या ब्लॅकलिस्टला विचारायला वेळ लागतो. म्हणून शॉर्टसर्किट नावाची सोय आहे: एखादी खात्रीची चाचणी लागली की पुढच्या सगळ्यांना सुट्टी. इथे मात्र क्रम जपायला हवा. प्रायॉरिटीचा आकडा जितका लहान, तितका नंबर आधी. ओळखीच्या पत्त्यांची यादी वर ठेवाल, तर तिला एसपीएफ किंवा डीकेआयएमच्या तपासणीशी बांधा. पाठवणाऱ्याचं नाव कुणीही खोटं टाकू शकतो, आणि या यादीला उणे शंभर गुण असतात!

बेझ नावाची शिकणारी चाचणी माझी लाडकी. पण निदान २०० चांगले आणि २०० स्पॅम मेल दाखवल्याशिवाय ती तोंडच उघडत नाही.

गुण बदलायचेच तर अर्ध्या-अर्ध्याने बदला, आणि आठवडाभर मेल डिलीट न करता नुसता ठप्पा मारू द्या. हरवलेला मेल सापडला की त्याच्या हेडरमधली ‘एक्स-स्पॅम-स्टेटस’ ही ओळ बघा. कुठल्या चाचण्या लागल्या, ते तिथे नावानिशी लिहिलेलं असतं. सिस्टीमवाल्याशी भांडायचंय? ती ओळ प्रिंट करून न्या.