पुतळा बघायचा, बारवेत बसायचं

खामगावहून मलकापूरकडे जाताना नांदुरा आलं की अख्खी एसटी खिडकीकडे वळते. हायवेलगतचा १०५ फुटांचा हनुमान! कुणी हात जोडतं, तर आपले सिव्हिलवाले वाऱ्याचा दाब आणि पायाचा हिशेब मांडत बसतात. या एका मूर्तीनं गावाला ओळख दिली, हे मान्यच करायला हवं.

आता सिंदखेडराजा घ्या. १२ जानेवारीला जिजाऊ जन्मोत्सवाला आपल्यातले बरेच जण जातात, राजवाडा पाहतात, गर्दीत फिरतात अन् परततात. पण तिथली पुतळाबारव किती जण बघतात? मूर्ती आणि शिल्पांनी सजवलेली ही जुनी पायऱ्यांची विहीर. नुसतं पाणीच हवं असतं तर साधी विहीर पुरली असती. पण माणसं रोज पाण्याला येणार, दोन घटका टेकणार, सुख-दुःखाचं बोलणार. मग ती जागा देखणी नको?

माझ्या मते फरक इथेच आहे. उंच पुतळा ही गावाची खूण, तर बारव ही गावाची बैठक. खूणही हवी, पण माणसं जोडते ती बैठक. आणि वापर थांबला की कलाही पोरकी होते. घरोघरी नळ आले आणि महाराष्ट्रातल्या कितीतरी बारवांत गाळ अन् कचरा साचला. जून २०२४ मध्ये सिंदखेडराजातच लखुजीराजे जाधवांच्या समाधीजवळ पुरातत्त्व खात्याला खोदकामात शेषशायी विष्णूचं शिल्प सापडलं. आपल्या पायाखाली काय दडलंय, याचा आपल्यालाच पत्ता नसतो!

आता आपलं होस्टेल. मेसबाहेरच्या भिंतीवर गॅदरिंगचा फाटका फ्लेक्स पावसाळ्यापर्यंत लोंबतो. त्याच भिंतीवर लोणारचं सरोवर, बारवेच्या पायऱ्या आपणच रंगवल्या आणि खाली बसायला एक ओटा बांधला तर? कुणी म्हणेल, "प्लेसमेंटच्या तोंडावर ही काहून चित्रकला?" अहो, चार वर्षं इथंच काढायची आहेत ना! नव्यानं आलेल्या, घरची आठवण काढणाऱ्या ज्युनिअरला खोलीबाहेर टेकायला एखादी आपली जागा नको का?

परवानगी सर देतील, रंगाचे पैसे वर्गणीतून निघतील. खरा प्रश्न एवढाच, की आपण पास होऊन गेल्यावर ती भिंत कोण पुसणार? ते आधी ठरवू, मगच ब्रश हातात घेऊ.