टक वाजले म्हणजे चोरी झाली असे नव्हे

पेट्रोल पंपावरची भांडणे आमच्या व्यापारी बंधूंना नवीन नाहीत. गाडी उभी राहते, मुलगा नोझल टाकीत घालतो, खटका दाबून अडकवतो आणि दीड-दोन लिटर जाताच ‘टक’ असा आवाज होऊन धार बंद पडते. पुन्हा दाबावे, पुन्हा टक. पाच-सहा वेळा असे झाले की मागचे लोक हॉर्न वाजवू लागतात आणि गाडीवाल्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकते. पोरगा काहीतरी हातचलाखी करीत आहे, असे त्याला वाटते. मग आवाज चढतात.

असे एक भांडण आम्ही स्वतः केले आहे आणि त्यात चूक आमची होती. मालेगावहून कापडाचे गठ्ठे नेण्यासाठी आम्ही एक डिझेल पिकअप घेतली आणि तिच्यावर बंद बॉडी बांधून घेतली. बॉडी देखणी झाली. पण पहिल्याच आठवड्यात आग्रा रोडवरच्या एका पंपावर नोझल दर दोन लिटरला बंद पडू लागले. आम्ही त्या मुलाला चार लोकांसमक्ष नाही नाही ते बोललो. तो शांतपणे म्हणाला, “चाचा, पाच लिटरचे माप आणतो, तुम्हीच मोजून बघा.” माप आले, भरले, डिझेल बरोबर खुणेवर उभे राहिले. मागच्या ट्रकमध्ये तेच नोझल एकदाही न थांबता चालले. आमच्याजवळ बोलायला काही उरले नाही.

नोझल बंद कसे पडते हे आमच्यातल्या पुष्कळांना ठाऊक नसते, आम्हालाही नव्हते. त्यात वीज नाही, सेन्सर नाही. नोझलच्या तोंडाजवळ एक बारीक भोक असते. तिथून एक लहानशी नळी आतल्या झडपेपर्यंत जाते. पेट्रोल वा डिझेल जोराने वाहू लागले की वाटेतल्या अरुंद जागेत ओढ निर्माण होते आणि त्या भोकातून हवा आत खेचली जाते. जुन्या स्कूटरचा कार्बोरेटर उघडणाऱ्या मिस्त्रीला वेंच्युरी समजावून सांगायला नको. हे तेच तत्त्व. टाकी भरून इंधन भोकापर्यंत आले की हवेची वाट बंद होते, आत पोकळी वाढते, तिच्याने एक पातळ पडदा उचलला जातो आणि खटका सुटतो.

म्हणजे नोझलला टाकी दिसत नाही. त्याला एवढेच कळते की भोक बुजले. टाकी खरोखर भरून बुजले की उसळलेल्या शिंतोड्याने बुजले, हा फरक त्याला करता येत नाही.

आता शिंतोडे का उसळतात ते पाहू. घरात बाटलीत तेल ओतताना नरसाळे तोंडाशी घट्ट बसले तर तेल वर तुंबते आणि बुडबुडे येतात. आपण नरसाळे जरा उचलतो, हवा बाहेर पडते आणि तेल सरसर उतरते. गाडीच्या टाकीचेही असेच आहे. मिनिटाला ३५-४० लिटरच्या वेगाने इंधन आत येत असेल तर तितकीच हवा बाहेर पडायला हवी. त्यासाठी भरण्याच्या जाड पाइपाशेजारून एक बारीक पाइप वर येतो. तो चेपला, तुंबला वा मुरगळला तर हवा भरण्याच्या पाइपातूनच वर येऊ पाहते, येताना इंधन उसळवते आणि टक वाजते. डिझेलला फेसही फार येतो, त्यामुळे त्याचा त्रास अधिक.

आमच्या गाडीत हेच झाले होते. बॉडी बांधणाऱ्या मिस्त्रींनी चौकट कसताना हा बारीक पाइप पट्टीखाली दाबून टाकला होता. बॉडीचे पैसे आम्ही पुरते मोजले होते, काम मात्र बोटभर पाइपापुरते कमी मिळाले.

पंपवाल्यांविषयीचा संशय अगदीच निराधार आहे, असे आमचे म्हणणे नाही. २०१७ साली उत्तर प्रदेशात पोलिसांच्या विशेष पथकाने लखनौच्या पंपांवर छापे घातले तेव्हा यंत्रात बसवलेल्या चिप सापडल्या. त्याच वर्षी ठाणे पोलिसांनी महाराष्ट्रातल्या अनेक पंपांवर कारवाई केली. पण ती लबाडी कुठे होती ते नीट लक्षात घ्यावे. ती मोजणाऱ्या यंत्रात होती. मोजणी खांबाच्या आत होते, नळीच्या आधी. नोझल बंद पडले की प्रवाह थांबतो आणि आकडाही थांबतो. दहा वेळा टक वाजल्याने दहा वेळा पैसे कापले जात नाहीत. ज्या चोरीत मापच खोटे आहे, तिथे नोझल एकदाही न थांबता टाकी भरेल आणि ग्राहक आभार मानून निघून जाईल. फसवायचे असणारा मनुष्य टक-टक करून लक्ष कशाला वेधून घेईल?

म्हणून शंका आली तर माप मागावे. पंपावर शिक्का मारलेले पाच लिटरचे माप असते आणि ग्राहकाला ते मागता येते. पाच लिटरमागे २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक चालतो, त्याहून कमी भरले तर वैधमापन शास्त्र विभागाकडे तक्रार करावी. भरण्यापूर्वी आकडा शून्यावर आला की नाही, हेही आपल्याच डोळ्यांनी पाहावे. सूरह मुतफ्फिफीन घेताना पुरेपूर घेऊन देताना कमी मोजणाऱ्यांविषयी आहे, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. त्यात पंपवाला येतो तसा पुरते पैसे घेऊन काम अर्धवट करणारा कारागीरही येतो, असे आम्हाला वाटते.

दोष गाडीचा की नोझलचा, हे ओळखणे कठीण नाही. दोन-तीन निरनिराळ्या पंपांवर तोच त्रास झाला तर गाडी पाहावी. एकाच पंपावर प्रत्येक गाडीला होत असेल तर त्या नोझलच्या भोकात घाण अडकली असणार. पंपचालकाने ते साफ करून घ्यावे, नाहीतर कामावरच्या गरीब पोराला दिवसभर शिव्या खाव्या लागतात. जे नोझल टाकी भरल्यावरही बंद पडत नाही ते त्याहून वाईट, कारण सांडलेले पेट्रोल आगीला आमंत्रण देते आणि मीटरवर मोजलेलेही असते. गाडी दुरुस्त होईपर्यंत तात्पुरता इलाज म्हणजे खटका पूर्ण न दाबता धार हळू ठेवणे, नोझल थोडे बाहेर घेणे किंवा जरासे फिरवणे.

टाकी खरोखर भरत आली असेल आणि टक वाजले असेल तर मात्र तिथेच थांबावे. आपल्याकडे पहिल्या टकनंतर “गोल आकडा कर” म्हणून आणखी अर्धा-पाऊण लिटर कोंबण्याची खोड आहे. जमिनीखालच्या टाकीतले पेट्रोल थंड असते. ४० लिटर पेट्रोल २० अंशांनी तापले तर सुमारे पाऊण लिटरने फुगते, आणि उन्हाळ्यात बाहेर उभ्या गाडीत तेवढे तापायला वेळ लागत नाही. शिवाय पेट्रोलच्या गाड्यांत टाकीची वाफ शोषण्यासाठी कोळशाचा एक डबा असतो. काठोकाठ भरल्याने त्यात पातळ पेट्रोल शिरते, डबा तुंबतो आणि मग हवेची वाट बंद होऊन नोझल लवकर बंद पडू लागते. गोल आकड्याच्या हौसेतून टकटकीची बिमारी अशी घरी आणली जाते.

या डब्यावर काही गॅरेजांत जो इलाज होतो त्याविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. डबा काढून फेकायचा, पाइप मोकळा सोडायचा आणि ‘काम झाले’ म्हणायचे. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ गाड्याच विकल्या जातात. अशा गाडीत हा उद्योग केला की डॅशबोर्डवर दिवा लागतो, पेट्रोलचा वास सुटतो आणि ग्राहक कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडे जातो तो परत येत नाही. डेंटिंग, वेल्डिंग, बॉडी बांधणी या धंद्यांत आमचे कितीतरी भाऊ आहेत. हाताचा हुनर त्यांच्याजवळ भरपूर आहे. पण नवी गाडी आतून वाचायला शिकणे आता टाळता येणार नाही. निदान एवढे तरी व्हावे : टाकीच्या आसपास हात लागलेली कोणतीही गाडी गिऱ्हाइकाच्या ताब्यात देण्यापूर्वी पंपावर नेऊन पूर्ण धारेने दहा लिटर भरून पाहावे. डिझेल गिऱ्हाइकाचेच, वेळ पंधरा मिनिटांचा.

आमच्या मिस्त्रींकडे गाडी परत नेली तेव्हा त्यांनी आधी ऐकून घेतले नाही. “पंपवाले असेच असतात, शेठ,” म्हणाले. आम्ही त्यांना गाडीखाली नेऊन पाइप दाखवला. मग ते काही न बोलता पट्टी सोडवायला लागले. नवा पाइप टाकला, पट्टी चार बोटे सरकवली आणि पैसे घेतले नाहीत. आता ते दहा लिटर भरून पाहिल्याशिवाय गाडी देत नाहीत, असे ऐकतो. त्या पंपावर आम्ही पुढच्याच फेरीला गेलो. तो मुलगा त्या दिवशी सुटीवर होता. माफी मागायला आणखी एक फेरी करावी लागली.